हिरव्या चुड्याचे हात

आई, परवा सरकारांच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. हे जिला सांगावं अशी तूच एक होतीस, आणि तुला जाऊन आता तीस वर्षं उलटून गेली. तरी सांगते. शाहूवाडीच्या डोंगरातला तो बंगला, ज्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी जन्मले, ज्याच्या बागेला आबांनी पाणी घातलं आणि ज्याच्या चुलीपुढे तुझी उमर गेली, तो विकला गेला आहे. जमीन आणि भिंती आधीच गेल्या होत्या, आतलं सामान तेवढं राहिलं होतं. शिसवी पलंग, माणसाच्या उंचीचे आरसे, झुंबरं, काचेच्या हंड्या, दिवाणखान्यातला पेंढा भरलेला बिबट्या, आणि चित्रं. धाकट्या सरकारांचा फोन आला. तुला आठवतात ते, मोठ्या सरकारांनी दत्तक घेतलेला तो गोरटेला पोरगा? आता त्यांचेही केस पांढरे झालेत. पुण्यात असतात. म्हणाले, "ताई, भाषणांत तुम्ही आमच्या बंगल्याला इतक्यांदा आग लावलीत. आता खरंच मोडतोय, शेवटचं बघायला तरी या." मी हसले. खोटं काय होतं त्यात? सरंजामशाहीवर बोलताना मला दुसरं उदाहरण कधी शोधावं लागलं नाही. जिथं माईक मिळाला तिथं मी त्या बंगल्याचा एकेक चिरा उपटून लोकांपुढे टाकला, आणि त्यातला एकही शब्द मी आज परत घेणार नाही. पण एक गोष्ट मी कुठल्याच व्यासपीठावरून सांगितली नाही, आणि तिच्यासाठीच मी गेले. त्या दिवाणखान्यात तुझे हात होते.

तुझा एकही फोटो माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. शाळेच्या बक्षीस समारंभात फोटोवाला आला तर तू पदर तोंडावर ओढून भिंतीकडे फिरायचीस. मी हट्ट केला की म्हणायचीस, "एकदा बसलो त्येवढं पुरं झालं." आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखी तूही 'आलो', 'गेलो', 'बसलो' म्हणायचीस, पुढे शहरात येऊन मी 'आले', 'गेले' शिकले. ते 'एकदा बसणं' काय होतं हे तू मला भाकरी थापता थापता तुकड्यातुकड्यांत सांगितलंस. मोठ्या सरकारांची बायको लग्नानंतर वर्षभरातच तापाने गेली. मागे तिचा एक फोटो राहिला, तोही गळ्यापर्यंतचा. सरकारांनी कोल्हापूरहून चित्रकार आणला. तो म्हणाला, तोंडवळा फोटोवरून घेतो, पण अंगलट, पदर, हात कुठून आणू? तू त्याच साली लग्न होऊन आलेली. उंची तिच्याएवढी, बांधा तिच्यासारखा. मग तुला तिचा शालू नेसवला, तिच्या पाटल्या आणि गोठ घातले. बांगड्या तेवढ्या तिच्या नव्हत्या, कारण सवाष्ण गेलेली बाई हिरवा चुडा घेऊनच जाते. तो चुडा तुझाच होता, आबांच्या नावाचा. सगळा श्रावण तू तिच्या खुर्चीवर तिचे कपडे घालून बसलीस. चित्रकार सरळ माणूस असावा, जे दिसलं ते त्याने काढलं. तुझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तव्याचा चटका लागून तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता, तोही काढला. चित्र पुरं झालं तेव्हा सरकार त्याच्यापुढे खूप वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हात अगदी तिचे आलेत."

हे सांगताना तू कधी हसली नाहीस, चिडलीही नाहीस. परातीतल्या पिठाकडे बघत म्हणायचीस, "तवापास्नं गार पडल्यात बग." आणि ते खरं होतं. मला ताप आला की तू कपाळावर हात ठेवायचीस आणि ओढ्यातला दगड ठेवल्यासारखं बरं वाटायचं. जळत्या चुलीपुढे तासभर बसून उठलेल्या बाईचे हात इतके गार कसे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुढे मी वैद्यकाची पुस्तकं वाचली. रक्ताभिसरण, पंडुरोग, पोटभर न खाता राबणं, सगळी उत्तरं मिळाली. ती उत्तरं मी सभांमधून बायकांना सांगितली, त्यांना लोहाच्या गोळ्या घ्यायला लावल्या. उत्तरं बरोबरच होती. फक्त ती तुला लावून बघताना मी दर वेळी थोडी अडखळायचे, कारण तू सांगितलेला महिना नेमका होता. श्रावण.

पितृपंधरवड्यातली अहेव नवमी आली की तुझं बसणं पुन्हा यायचं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं एक जिवंत सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, तिला साडी द्यायची. सगळ्या घरांत करतात, त्यात नवल नाही. पण सरकारांच्या घरी ती सवाष्ण दर वर्षी तूच. वर्षभर ज्या दिवाणखान्याचा उंबरा तू फक्त केर काढायला ओलांडायचीस, तिथं त्या दिवशी तुझ्यासाठी पाट मांडलेला, भोवती रांगोळी, पुरणपोळी दुसऱ्या कुणी केलेली, आणि पाटाच्या बरोबर वर ते चित्र. तू खाली मान घालून जेवते आहेस, आणि वर तुझेच हात दुसऱ्याच बाईच्या तोंडाखाली. जिवंत बाईला मेलेल्या बाईच्या जागेवर बसवायचं आणि त्याला मान म्हणायचं! मी दाराआडून बघते आहे, मला त्या वयात एवढंच कळतंय की आई आज कामाला नाही. सरकारांच्या आई, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणायचे, त्या स्वतः तूप वाढायच्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, समोरचं माणूस त्यांना फक्त रंगानं कळायचं. एका वर्षी तुला शालूच्याच रंगाची साडी नेसवलेली. आईसाहेब तुपाची वाटी घेऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, वाढू का गं?"

आणि तू म्हणालीस, "जी."

स्वयंपाकघरातली म्हातारी आत्या, जी तुझ्या आधीपासून त्या घरात राबत होती, तिनं कपाळावर हात मारून घेतला. तू परत आलीस तशी तिनं तुला चुलीपाशीच धरलं. "आगं, भवाने, मेलेल्या माणसाच्या नावानं हाक आली तर तीन डाव होईस्तोवर ओ देऊ ने, एवढं बी शिकीवलं न्हाय व्हय तुझ्या आयनं? पैल्याच हाकंला जी म्हणालीस की!" तू म्हणालीस, "म्हातारं माणूस हाय, आत्या. उत्तर दिलं तर काय बिघडलं?" आत्या म्हणाली, "बिघडलं का न्हाय ते आता तूच बघशील." दुसऱ्या दिवसापासून, दुपारी सगळं घर आडवं झालं, कौलांवर ऊन तापायला लागलं की दिवाणखान्यातून हाक यायची. "सूनबाई..." आणि तू भाकरी, भांडी, माझी वेणी, जे हातात असेल ते टाकून जायचीस. म्हातारीजवळ बसायचीस, तिचे पाय चेपायचीस. ती तुझे हात हातात घेऊन कुरवाळायची आणि कधी म्हणायची, "माहेरी जाऊन आलीस होय गं? फार दिवस लावलेस." सरकार दारातून एकदा बघून निघून जायचे. त्यांनी तुझ्या तोंडाकडे कधी मान वर करून बघितल्याचं मला आठवत नाही. चहाचा कप ठेवताना ते फक्त तुझे हात बघायचे. गावात लोक काय काय बोलले असतील, त्याचा विचार मी मोठी झाल्यावर केला. मला वाटतं, लोकांनी जे घाण बोलायचं ते बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. खरं होतं ते त्याहून भयंकर होतं. त्या घरात तू म्हणून तू कुणालाच नको होतीस.

मी दहा वर्षांची असेन. बंगल्यावर पाहुणे आले होते. कुणीतरी चित्राकडे बोट करून विचारलं, ह्या कोण? आणि मी फुलदाणी घेऊन उभी होते ती पटकन बोलले, "त्ये हात माज्या आईचं हाईत." पाहुणे हसले, सरकार हसले नाहीत. तू मला दंडाला धरून मागे नेलंस. मारलं नाहीस, तू कधीच मारलं नाहीस. चुलीपाशी बसवून म्हणालीस, "पुन्यांदा त्या खोलीत आसं म्हणायचं न्हाय." मी म्हणाले, "पर खरं हाय की." तू म्हणालीस, "खरं आसूंदे. तिला ऐकू जातंय." मी विचारलं, कुणाला? तू दोन्ही तळवे तव्यावर धरून शेकत बसलीस, पार लाल होईपर्यंत. आई, जगातली कितीतरी पुस्तकं मी नंतर वाचली, त्यांतली भुतंही वाचली. पण ते दोन तळवे मला अजून कुठल्या पानावर सापडले नाहीत.

नवमीच्या साड्या त्या पाटाखेरीज तू कधी नेसली नाहीस. ट्रंकेत ठेवायचीस. मी शिकायला कोल्हापूरच्या वसतिगृहात निघाले तेव्हा तू त्या सगळ्या साड्यांची वाकळ शिवलीस आणि मला दिलीस. एवढी मऊ वाकळ वसतिगृहात कुणाची नव्हती. मी म्हणाले, "आई, तुला ठेव की एखादी." तर म्हणालीस, "माज्या न्हाईत त्या. पर तुला ऊब लागंल." ती वाकळ अजून आहे. तिच्यातला प्रत्येक तुकडा मेलेल्या बाईच्या नावाचा, टाका मात्र तुझा.

मग आबा गेले. विहिरीवर काम करता करता छातीत कळ आली आणि गेले. तुझा चुडा बायकांनी दगडावर ठेचला, मी तो आवाज ऐकला. त्यावरच मी माझं पहिलं भाषण केलं, शाळेच्या स्पर्धेत, आणि परीक्षक बाई रडल्या. त्या भाद्रपदात मी सुटीला घरी होते. नवमीला पाटावर दुसरी बाई बसवली, तलाठ्याची बायको. तू स्वयंपाकघरात, कारण विधवेचं तिथं काम नाही. आईसाहेबांना आता काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पाटाकडे तोंड करून विचारलं, "सूनबाई, वाढू का?" तलाठ्याची बायको शिकलेली होती, तिला सगळं माहीत होतं, ती गप्प राहिली. पुन्हा हाक आली. ती गप्पच. आणि स्वयंपाकघरातून, चुलीच्या धुरातून, तू म्हणालीस, "जी." आईसाहेबांनी मान वळवली, पाटाकडे नाही, तुझ्याकडेही नाही. वर, चित्राकडे. ज्यांना हातातल्या वाटीतलं तूप दिसत नव्हतं, त्या आईसाहेब चित्राकडे बघून हसल्या. मी दारात होते. तुझ्या कपाळावर काही नव्हतं, मनगटं भुंडी होती. आणि वर तुझे हात हिरव्यागार चुड्यानं भरलेले. त्या भिंतीवर तू सवाष्णच राहिलीस.

त्यानंतर आईसाहेब गेल्या, पुढं मोठे सरकार गेले. हाक मारायला कुणी राहिलं नाही. तरी दुपारी तू उठायचीस. मी कॉलेजातून आलेली, नुकतीच विवेकाची भाषा शिकलेली, धारदार. तू हात पुसून उठलीस की मी विचारायचे, "कुठं निघालीस?" "हाक आली." "कुणाची हाक? आईसाहेबांना जाऊन किती दिवस झाले?" "मला काय म्हाईत. आली की." मी तुझ्यामागून दिवाणखान्यात यायचे. तू चित्रापुढे जराशी उभी राहायचीस, पदर सावरून, जणू कुणी काही सांगेल. मग परत. मी तुला सवयीचं मानसशास्त्र समजावून सांगितलं, घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं तो प्रयोगही सांगितला. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालीस, "आसंल बाई. कुत्रं बी शाणंच आसतंय." तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी तुला कोल्हापूरला आणलं. सरकारी दवाखान्यात, भर दुपारी, तू डोळे उघडून 'जी' म्हणालीस आणि उठून बसायला लागलीस. मी तुला धरलं. हात नेहमीसारखेच गार होते, त्यामुळे तू गेलीस ते मला जरा उशिरा कळलं.

परवा मी बंगल्यावर पोहोचले तेव्हा भातखाचरांवर धुकं उतरलं होतं. पुढचा दरवाजा सताड उघडा होता आणि माझे पाय मागच्या दाराकडे वळले. धाकटे सरकार हाक मारून म्हणाले, "ताई, इकडून, इकडून या." प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक बिल्ला बांधलेला. बिबट्याच्या कानालाही. चित्र जागेवरच होतं. मी जवळ गेले. डाग होता. चुडा होता, त्याचा हिरवा रंग जराही उडाला नव्हता. पण आई, माझ्या आठवणीत तुझे दोन्ही हात मांडीवर होते, एकावर एक. आणि समोरच्या चित्रात उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. बोटं दाबलेली, कोपर किंचित उचललेलं. हाक आल्यावर उठायच्या बेतात असलेल्या बाईसारखं. मी धाकट्या सरकारांना विचारलं, "हा हात मांडीवर होता ना?" ते म्हणाले, "छे, असाच. मी बघतोय तेव्हापासून असाच आहे." मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "बहुतेक." आठवण दगा देते, यावर मी दीड तास बोलू शकते. तिथं मी पुन्हा त्या कोपराकडेच बघितलं.

माझ्या शेजारी शिरोळकडचं एक जोडपं येऊन उभं राहिलं. त्यांचं मंगल कार्यालय. पुरात सगळं फर्निचर वाहून गेलेलं, म्हणून या खेपेला जुनं घ्यायचं ठरवलेलं. मालक मला म्हणाले, "जुनं शिसव पाण्याला दाद देत न्हाय बगा. आन ही बाई तर झ्याकच हाय. ष्टेजच्या मागं लावली की नवरीबी फिकी पडंल." त्यांची बायको चित्राकडे मान वाकडी करून बघत होती. म्हणाली, "अवं, पर हात बघा की. तोंड राणीचं आन हात भाकरी बडवणारीचं." मालक हसले. "त्येचं काय एवढं? आपला पेंटर हाय की. हात गोरं करून घ्यायचं, नखं रंगवायची, त्यो डाग पुसायचा. आर्ध्या दिसाचं काम." तू जगात होतीस याची एवढीच खूण उरली आहे, आणि ती अर्ध्या दिवसाचं काम होती.

लिलाव हिरवळीवरच्या मांडवात झाला. पुकारणारा मुंबईचा, थकलेला, खोकत होता. पलंग गेले, आरसे गेले, बिबट्या गेला. मग दोघांनी चित्र आणून पुढे उभं केलं. दिवंगत राणीसाहेबांचे पूर्णाकृती तैलचित्र, असं तो म्हणाला आणि पहिली बोली मागितली. मी काही ठरवलेलं नव्हतं. मी ठरवायच्या आधी माझा हात वर गेलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं. सुरकुतलेला, बोटं तुझी, मनगट तुझं. शिरोळकर वर गेले, मी वर गेले, ते आणखी वर गेले. माझी ऐपत कधीच मागे पडली होती. मग पुकारणारा म्हणाला, "एकवार." स्वयंपाकघरातल्या त्या आत्यानं शिकवलेलं होतं, तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. इथं तिसऱ्या हाकेच्या आत ओ दिली नाही तर सगळं संपतं. "दोनवार." मी उठून उभी राहिले. मैदानं हलवणारी मी, पण आवाज फुटला तो व्यासपीठावरचा नव्हता, तुझ्या चुलीपाशीचा होता. "माज्या आईचं हाईत त्ये हात. राणीचं न्हाईत. माजी आई बसली हुती."

पुकारणाऱ्याची हातोडी हवेतच राहिली. शिरोळच्या मालकांनी वळून माझ्याकडे बघितलं. "काय म्हणालासा, आक्का?" मी पुन्हा सांगितलं. ते चित्राकडे वळले आणि मोठ्यांदा म्हणाले, "मग ह्ये आधी न्हाय व्हय सांगायचं? मगाशी तोंडाला कुलूप घालून हुबा हुतासा! आईच्या हातावर कोण बोली लावतंय व्हय? आम्ही काय राकीस हाय? ओ सायब, मी माघार घेतली. बाईंची शेवटची बोली धरा, आन लिवा त्यांच्या नावावर." पुकारणारा धाकट्या सरकारांकडे बघू लागला. त्यांनी मान हलवली. मालकांची बायको उठून पुढे गेली, तिनं चित्राला नमस्कार केला आणि मायेनं त्या हाताला बोट लावलं. आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "आगं बाई," ती म्हणाली, "किती गार हाईत." डोंगरातलं धुकं, रंगाचा जाड थर, कॅनव्हास. गारच असणार. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, व्हय," आणि पदराला बोट पुसत नवऱ्याजवळ जाऊन बसली.

निघताना धाकटे सरकार फाटकापर्यंत आले. म्हणाले, "ताई, दत्तक आलो तेव्हापासून दर वाढदिवसाला मला त्या हातांखाली डोकं ठेवायला लावायचे. आईचा आशीर्वाद घे म्हणायचे." मग म्हणाले, "मी घ्यायचो. कपाळाला गार लागायचं." आयुष्यभर ज्यांच्या विरुद्ध बोलले, त्यांच्यातला हा माणूस, आणि तुझा हात त्याच्याही कपाळावर होता.

आता तू माझ्याकडे आहेस, कोल्हापुरात, शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. चित्र इतकं मोठं की टांगता येत नाही, जमिनीवर भिंतीला टेकवून उभं केलं आहे. पहिल्या दिवशी मी वाकळ घेऊन तिचं तोंड झाकायला गेले. फक्त हात दिसावेत म्हणून. मग थांबले. त्या पोरीचा काय गुन्हा होता? वर्षभरात मेली बिचारी, तिलाही कुणी विचारलं नव्हतं, आणि मेल्यावर तिच्या हातांच्या जागी दुसरीचे लावले तरी तिच्या नवऱ्याला ओळखू आलं नाही. तीही तुझ्यासारखीच त्या घरात कुणालाच नको होती. तिचं तोंड मी उघडंच ठेवलं. वाकळ खाली, तुमच्या दोघींच्या पायांशी घातली आहे.

हे पत्र चौकटीच्या मागे खोचावं असं मनात होतं. पण तिथं हात तुझे असले तरी डोळे तिचे आहेत, आणि तुला अक्षर येत नव्हतं, तिला येत असणार. हे तुझ्या आधी तिनं वाचावं हे मला नको आहे. म्हणून ते माझ्याचपाशी राहील. आता एकच सांगायचं आहे. काल दुपारी, रस्त्यावरची रहदारी जराशी थांबली तेव्हा, हाक आली. "सूनबाई." खालच्या मजल्यावर एक सासू राहते, तिला सून आहे. हाक तिथलीच असणार. असणारच. जिन्यानं खाली जाऊन विचारलं की झालं. प्रश्न विचारा, खात्री करा, तपासल्याशिवाय मानू नका, हेच मी जन्मभर लोकांना सांगत आले. मी अजून खाली गेलेले नाही. मी चित्राकडे बघितलं, दांड्यावर दाबलेली ती बोटं, ते उचललेलं कोपर. तिसऱ्या हाकेची वाट बघितली नाही, आई. तू उठायच्या आत मीच 'जी' म्हणाले.